तिसरी थाप

कॅप्टन रॉयस गॅलंट हे नाव भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर चांगले दिसे. माणूस जवळून पाहिला की नाव उतरायला लागे. त्याचे खरे नाव होबार्ट स्प्राऊस. मोज्यांच्या गिरणीच्या वस्तीत जन्मला आणि सैन्यात एक दिवसही गेला नाही. तळपाय सपाट म्हणून त्याला दारातूनच परत पाठवले होते. तरी छातीवर पदक होते, गहाणाच्या दुकानातून आणलेले, आणि कोरियाच्या लढाईच्या गोष्टी होत्या, ज्यांना खरेच तिकडे लढून आलेली माणसे टाळ्या वाजवत. केस औषधाच्या दुकानातल्या बाटलीने पिवळे केलेले. पोट आत राहावे म्हणून चड्डीखाली बायकांसारखा पट्टा आवळलेला. कॅरोलायनाच्या बारा गिरणीगावांत तो देव होता. दर आठवड्याला तो रिंगमध्ये वाईट माणसांना लोळवी आणि म्हाताऱ्या बायका त्याच्यासाठी भोपळ्याचा पाय, म्हणजे सारण भरून भट्टीत भाजलेले गोड पक्वान्न, करून आणत. तो पाय तो एकटा खाई.

हे सगळे वर्लिन स्ट्राउडइतके जवळून कोणी पाहिले नव्हते, कारण वर्लिन पंच होता. त्रेसष्ट वर्षांचा, काळ्या पट्ट्यांचा सदरा घालणारा, कोणाच्या लक्षात न राहणारा माणूस.

वर्लिनही आधी पैलवान होता आणि काही काळ रिंगमध्ये कॅप्टनच्या समोर उभा राहणारा जोडीदारही होता. चौदा वर्षांमागे एका संध्याकाळी डाव असा ठरला की कॅप्टनने त्याला डोक्यावर उचलायचे, गोल फिरवायचे आणि सांभाळून खाली ठेवायचे. सांभाळून ठेवणे हीच या धंद्यातली खरी विद्या. आपटल्यासारखे दिसले पाहिजे आणि लागता कामा नये. कॅप्टनने उचलले, फिरवले, आणि पहिल्या रांगेत लाल झग्यातली एक बाई बसली होती तिला डोळा मारला. तेवढ्यात वर्लिन उजव्या खांद्यावर खाली आला. तीन महिने प्लास्टरमध्ये गेले. कॅप्टन दवाखान्यात आला नाही, त्याने स्वतःचा फोटो पाठवला. खाली मजकूर होता, 'लवकर बरा हो, तुझा कॅप्टन'. छापील होते ते. तशा फोटोंचा गठ्ठाच त्याच्या गाडीत असे.

तेव्हापासून वर्लिनचा उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. पण पंचाला तेवढा पुरे. एकाची पाठ टेकली की पंच गुडघ्यावर बसतो आणि तळहाताने तीन थापा मारतो. तीन होईपर्यंत पडलेल्याने खांदा उचलला नाही तर कुस्ती संपली. कोण जिंकणार हे कंपनीच्या मालकीण ओपालीनबाई रुडिसिल यांनी सकाळीच कागदावर लिहिलेले असे. बाकी काम पैलवानांचे आणि त्या तीन थापांचे.

इतर सगळे पैलवान दुसऱ्या थापेलाच खांदा उचलत. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे शिकवले जाई, की पंचाच्या हातावर विसंबू नकोस, हात तुझा नाही. कॅप्टन मात्र विसंबत असे. तो पडून राही, दम खाई, छप्पर बघे, कोण रडते आहे ते बघे, आणि वर्लिनचा हात तिसऱ्या थापेसाठी वर जाऊन खुंटीला टांगल्यासारखा लटकून राही. लोकांचा श्वास अडकायचा. मग कॅप्टनला वाटले म्हणजे तो खांदा उचली, आणि बारा गावे त्याला अजिंक्य म्हणत. अजिंक्य कसला, वर्लिनचा दुखरा खांदा त्याला अजिंक्य ठेवत होता.

त्या ऑक्टोबरात उत्तरेच्या एका मोठ्या कंपनीने कॅप्टनला बोलावले. तिकडे टेलिव्हिजन होते, मोठी शहरे होती. कॅप्टन निघाला. जाऊ नये असे कोणी म्हणाले नाही. पण या धंद्यात एक रीत आहे. जो जातो त्याने शेवटच्या कुस्तीत राहणाऱ्यासमोर पाठ टेकायची आणि मानाचा पट्टा इथेच सोडायचा. जाणाऱ्याचे त्यात काही जात नाही, राहणाऱ्याची चूल पेटती राहते. ओपालीनबाईंचा नवरा क्लाइड रुडिसिल, ज्याने ही कंपनी उभी केली, तोसुद्धा लिव्हर कुजलेले असताना हॅसेल गावच्या जत्रेत, दुपारच्या उन्हात, रिंगच्या मधोमध स्वच्छ उताणा पडला होता. कोणासमोर? याच होबार्ट स्प्राऊससमोर. म्हणून तर होबार्टचा कॅप्टन झाला.

आता पट्टा घ्यायचा होता डेनी मॅब्रीने. डेनी जॉर्जियातला, तिशीला टेकलेला, दोन लेकरांचा बाप, तिसरे वाटेवर. रविवारी चर्चमध्ये मुलांना बायबल शिकवणारा इतका मऊ माणूस की माशी मारताना तिची माफी मागेल. रिंगमध्ये मात्र तो प्रेस्कॉट वेन होता, न्यूयॉर्कच्या सावकाराचा माजलेला पोरगा, रेशमी झगा घालणारा आणि गिरणीतल्या माणसांना दरिद्री म्हणणारा. लोक त्याच्यावर थुंकत आणि डेनी घरी गेल्यावर मुकाट्याने झगा धूत असे. बाईंचा हिशोब साधा होता. हा पाजी लाडक्या कॅप्टनला हरवून पट्टा नेतो आहे म्हटल्यावर त्याची पाठ टेकलेली पाहायला लोक सगळा हिवाळा येतील. पण कॅप्टन न हरता पट्टा घेऊन गेला, तर इथे उरलेले चौदाही पैलवान लोकांच्या लेखी दुय्यम ठरतील. मग कोण कशाला येणार? कंपनी बंद.

शनिवारी दुपारी तीनची कुस्ती, त्याच हॅसेलच्या जत्रेत. जत्रेत चांगल्या माणसांना कपडे बदलायला गोधड्यांच्या आणि मुरंब्यांच्या प्रदर्शनाच्या मागची खोली, वाईट माणसांना वासरांचा गोठा. दोघे एकत्र दिसता कामा नयेत, एका गाडीतून यायचे नाही, एका टेबलावर जेवायचे नाही. लोकांनी पाहिले तर सगळा खेळ उघडा पडेल. दोन्हीकडे जाता येई ते फक्त पंचाला. त्यामुळे निरोप वर्लिनच नेई.

कॅप्टनला गोधड्यांची खोली कधीच पुरली नव्हती. त्याची स्वतःची चाकांवरची खोली तळलेल्या पिठाची मिठाई विकणाऱ्या तंबूमागे उभी असे. वर्लिन आत गेला तेव्हा कॅप्टन आरशासमोर पोटाचा पट्टा आवळत होता.

वर्लिनने बाईंचा निरोप सांगितला. अठराव्या मिनिटाला वेनने आपटायचे, तीन मोजायचे, नंतर कॅप्टनने उठून लोकांचा निरोप घ्यायचा.

"बाईंना सांग," कॅप्टन आरशातल्या स्वतःलाच म्हणाला, "माझी पाठ दुखते आहे. टेकवता येणार नाही."

"कॅप्टन, तुम्ही हो म्हणाला होतात."

"तेव्हा दुखत नव्हती." तो हसला. "वेनला आपटू दे, मी उठेन. वीस मिनिटं होऊ दे, घंटा वाजू दे, कुस्ती बरोबरीत सोड. मग मी दोन शब्द बोलेन, आजीबायांना रडवेन आणि पट्टा पिशवीत घालून निघेन. उत्तरेचा माणूस वर बाकावर बसलाय. हरलेला माल त्याला दाखवायचा का मी?"

"क्लाइडने याच जत्रेत—"

"क्लाइड मरत होता, वर्ल्या. मरणाऱ्याला पडायला काय लागतं? तो आडवाच होता." कॅप्टनने कंगवा फिरवला. "आणि नेहमीसारखा हात वर ठेव. मला दम लागतो हल्ली. घाई करू नको."

वर्लिन बाहेर आला. त्याला राग आला नाही. राग यायला समोर माणूस लागतो. इथे आत रंगवलेला पुठ्ठा होता आणि तो पुठ्ठा आपण चौदा वर्षे एका हाताने उभा धरला आहे, एवढेच त्याला वाटले.

ओपालीनबाई तिकिटाच्या खिडकीत बसल्या होत्या, मांडीवर उकडलेल्या शेंगांचा पुडा. वर्लिनने सगळे सांगितले. त्यांनी एक शेंग सोलली, खाल्ली, दुसरी सोलली.

"माणसाला खाली बांधून तर ठेवता येत नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारी सगळ्यांना घरी बोलाव, वर्लिन. मी जेवण करीन. जेवल्यावर सांगते त्यांना."

काय सांगणार, ते वर्लिनला विचारावे लागले नाही.

मग तो गोठ्यात गेला. डेनी वासरांच्या मधे उलट्या बादलीवर बसून बूट बांधत होता. एक वासरू त्याच्या रेशमी झग्याची बाही चघळत होते आणि तो ती ओढून घ्यायला धजत नव्हता. बरोबरीचे ऐकून तो थोडा वेळ बुटाची नाडीच सरळ करत राहिला.

"चालेल, वर्लिनकाका," तो म्हणाला. "टायरच्या कारखान्यातला मुकादम म्हणाला होता, परत ये म्हणून. लोरेटाला मात्र लगेच सांगू नका. पोटुशी आहे."

"मी कोणाला काय सांगतो?"

"ते खरंय," डेनी म्हणाला. "तुम्ही कोणाला काहीच सांगत नाही."

तीन वाजता मैदान भरले. धूळ, तळलेल्या पिठाचा वास, बाकांवर गिरणीतली अख्खी पाळी. कॅप्टन झेंडा घेऊन आला, पदक लावून, डोळ्यांत पाणी आणून. हे पाणी त्याला केव्हाही आणता येई. पुढच्या रांगेत एटालीबाई क्रम्प बसल्या होत्या, वर्लिनच्या बायकोच्या चर्चमधल्या, शेजारच्या बाकावरच्या. त्यांनी कॅप्टनच्या हाताचे चुंबन घेतले. मग वेन आला आणि त्याच्यावर शेंगांची टरफले पडली. तो नाकाला रुमाल लावून म्हणाला, इथे गरिबीचा वास येतो. लोक खवळले. डेनीला हे चांगले जमे.

कुस्ती म्हणावी तर तीही नव्हती. कॅप्टन दोन ठोसे मारी आणि चार वेळा दोरखंडाला टेकून लोकांकडे बघे. मार सगळा डेनीने खाल्ला. रक्तही त्याचेच. कपाळावर बारीक चीर घ्यायची तीसुद्धा नेहमी समोरच्याने, कॅप्टनने आपल्या कातड्याला ब्लेड कधी लावू दिले नव्हते. दहाव्या मिनिटाला तो धापा टाकायला लागला. पंधराव्या मिनिटाला त्याच्या पिवळ्या केसांचा रंग घामाबरोबर कानामागून ओघळत होता. हे फक्त वर्लिनला दिसले.

अठराव्या मिनिटाला डेनीने त्याला उचलले. उचलले, तोलले आणि अंडे ठेवावे तसे खाली ठेवले, पण मैदानभर धडाम असा आवाज झाला. जे कॅप्टनला वर्लिनच्या बाबतीत जमले नव्हते ते. डेनी त्याच्यावर आडवा पडला. वर्लिन गुडघ्यावर आला.

पहिली थाप मारली. बाया किंचाळल्या.

दुसरी थाप मारली. कॅप्टनचे दोन्ही खांदे टेकलेले होते. तो छाती खालीवर करत होता, दम खात होता. वर्लिनचा हात वर गेला, कानाशी पोचला आणि सवयीने लटकला. खांद्यात कळ उठली, नेहमीची.

"थांब जरा," कॅप्टन दातांतून म्हणाला. "ती निळी टोपी बघ. पहिल्या रांगेत."

आणि त्याने मान वळवून त्या निळ्या टोपीकडे पाहून डोळा मारला.

हात खाली आला. वर्लिनने तो आणला असे त्याला पुढे कधी छातीठोकपणे सांगता आले नसते. चौदा वर्षे टांगलेली वस्तू खुंटीवरून पडावी तसा तो पडला. पण पडताना तळहात सपाट होता आणि थापेचा आवाज पार मुरंब्यांच्या प्रदर्शनापर्यंत गेला.

तीन.

कॅप्टनने खांदा उचलला तो त्यानंतर, पाहुणे उठून गेल्यावर खुर्ची पुढे करावी तसा. वर्लिनने घंटेकडे बोट केले. घंटा वाजली. त्याने मनगटाला धरून डेनीचा हात वर केला, आणि पट्टा आणून त्याच्या छातीवर ठेवला.

डेनी पांढरा पडला होता. पण तो कसलेला माणूस होता. दोन श्वासांत तो पुन्हा प्रेस्कॉट वेन झाला, पट्टा डोक्यावर धरला आणि लोकांना म्हणाला, हा मी न्यूयॉर्कला नेऊन कुत्र्याच्या गळ्यात घालणार आहे.

मग जत्रा उलटली. शेंगा, बाटल्या, कोणाचा तरी बूट. वर्लिनला कंपनीची चार माणसे कडे करून नेत होती तेव्हा एटालीबाई क्रम्प बाकावर चढल्या आणि त्यांनी छत्रीने त्याच्या डोक्यात दोनदा मारले. "किती खाल्लेस रे न्यूयॉर्कवाल्याचे?" असे त्यांनी विचारले. वीस वर्षे त्या त्याच्या घरी नाताळाला अक्रोडासारख्या पेकनचा पाय पाठवत होत्या.

आणि कॅप्टन? तो आधी भांबावला. मग त्याने बाकांवर पाहिले, तिथे सहाशे माणसे त्याच्यासाठी रडत होती. त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू चढले. तो गुडघ्यावर बसला, पदक मुठीत धरले आणि डोळ्यांत पाणी आणले. लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. लुटलेला वीर! हे तर त्याला जिंकण्याहून शोभत होते. मिरवणूक पिठाच्या तंबूला फेरी मारून आली. असा माणूस हरवताही येत नाही नीट, हरला तरी त्याला हार घालावे लागतात.

पण दार लागल्यावर चाकांवरच्या खोलीत तो वेगळा होता. वर्लिन रिंगजवळ राहिलेली त्याच्या झेंड्याची पेटी परत द्यायला गेला होता. डोक्यावर एटालीबाईंचे टेंगूळ होते.

"हात का थांबला नाही?" कॅप्टनने विचारले.

"खांदा," वर्लिन म्हणाला. "जुनं दुखणं आहे. आज धरवला नाही."

"मी उठत होतो."

"उठत नव्हतास, होबार्ट. डोळा मारत होतास."

त्या नावाने त्याला कोणी वीस वर्षांत हाक मारली नव्हती. मग तो म्हणाला की सोडणार नाही, वर्तमानपत्रात जाईन, उत्तरेच्या माणसाला सांगेन, सगळ्या गावाला सांगेन की या थेरड्याने दगा दिला.

"काय सांगशील?" वर्लिनने पेटी खाली ठेवली. "की बरोबरीत सोडायची आधी ठरली होती? की मी चौदा वर्षं हात वर धरत होतो? सांग. एटालीबाई बाहेरच उभ्या आहेत, भोपळ्याचा पाय घेऊन. त्यांच्यापासून सुरुवात कर."

कॅप्टन आरशाकडे वळला. आरशात कानामागून पिवळा ओघळ कॉलरपर्यंत आलेला दिसत होता. त्याने तो पुसायला घेतला. वर्लिनने दार ओढून घेतले. बाहेर खरेच एटालीबाई होत्या. त्यांनी वर्लिनकडे पाहून पायची थाळी दुसऱ्या हातात घेतली, तिला त्याचा वास लागू नये अशा बेताने.

उत्तरेचा माणूस ओपालीनबाईंशी दोन शब्द बोलून निघून गेला. त्याने लुटलेला वीर घेतला तो घेतलाच. तिकडे असल्या मालाला गिऱ्हाईक जास्त असावे. सोमवारच्या जेवणात बाईंनी चिकन तळले, मक्याची भाकरी केली आणि पुढच्या शनिवारचा कागद वाचून दाखवला. बंद करण्याविषयी त्या काही बोलल्या नाहीत. वर्लिनच्या ताटात त्यांनी दोन तंगड्या जास्त वाढल्या आणि तेही कोणाला दिसणार नाही असे. कागदावर मात्र एका नव्या ओळीत लिहिले होते, की विकलेल्या पंचाला कोण धडा शिकवणार ते या हिवाळ्यात पाहा. तो कागद बारा गावांत लागला.

मधल्या रविवारी वर्लिन नेहमीप्रमाणे चर्चमध्ये दानाचे ताट फिरवायला उठला होता. पहिल्या बाकाने ताट घेतले नाही. दुसऱ्यानेही नाही. चर्चचा कारभार पाहणाऱ्या डीकन हडलस्टनने हळूच येऊन ते त्याच्या हातातून काढून घेतले आणि म्हणाला, "काही दिवस बस, वर्लिन. लोक दुखावलेत." वर्लिन बसला.

घरी येताना त्याची बायको नोला गाडी चालवत होती. बेचाळीस वर्षे संसार झाला, पण निकाल आधी ठरतो हे वर्लिनने तिला कधी तोंडाने सांगितले नव्हते. बायकोलाही सांगायचे नाही, अशीच रीत होती. तिला ते ठाऊक होते की नव्हते हे त्याने कधी विचारले नाही.

गिरणीचे फाटक गेल्यावर ती म्हणाली, "एटालीशी मी बोलणार नाहीये. पण मला एक सांग. त्याचे खांदे टेकले होते का?"

"टेकले होते."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"आणि तू तीन मोजलेस."

"तीन मोजले."

नोलाने गियर बदलला. "मग कशाला हात चोळतोयस?"

वर्लिनने खाली पाहिले. तो खरेच उजवा तळहात डाव्या अंगठ्याने चोळत होता. शनिवारपासून तो थोडा सुजला होता. इतक्या जोराने त्याने मॅटवर हात कधी मारलाच नव्हता.